चंचल पोरांना मदत कशी करायची: एडीएचडी असलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

अभ्यासाला बसवलं की दोन मिनिटांत उठून गॅलरीत, पट्टी हरवली, डबा शाळेतच राहिला, कुणी बोलत असलं की मधेच तोंड घालणार, रांगेत उभं राहायचं म्हटलं की दम निघत नाही. आणि शेजारपाजारचे म्हणणार, लाडावून ठेवलाय. हे सगळं 6 महिन्यांच्या वर चाललंय, घरात पण होतं आणि शाळेत पण, वयाच्या 12 वर्षांच्या आतच सुरू झालंय आणि त्यापायी अभ्यास, दोस्ती, घरातली शांतता सगळंच बिघडतंय, असं असेल तर एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावीळपणा याचा त्रास, आहे का ते दाखवून घ्या. जगभरात 100 पोरांमागं साधारण 5 पोरांना हा त्रास असतो, म्हणजे 50-60 च्या वर्गात दोन-तीन असतातच. बराचसा भाग आनुवंशिक असतो, लाडानं होत नाही आणि गोड खाल्ल्यानं पण होत नाही. मुलींकडं मात्र जरा जास्त लक्ष द्या, त्या धिंगाणा घालत नाहीत, गप्प बसून खिडकीबाहेर बघत असतात, मग शाळेत फक्त "धांदरट आहे" म्हणून शेरा मिळतो आणि वर्षं निघून जातात.

एक गोष्ट आधी पक्की डोक्यात घ्या. काय करायचं हे या पोरांना माहीत असतं, विचारलं तर पाठ म्हणून दाखवतील. पण जिथं करायचं तिथं, त्या वेळेला ते सुचत नाही. म्हणून रात्री बसवून अर्धा तास समजावून सांगितलेलं सकाळी उपयोगाला येत नाही, मदत त्याच जागी आणि त्याच वेळी हाताशी पाहिजे. पुढचं सगळं यावरच आहे.

सूचना देताना स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नाव घ्या, त्यानं तुमच्याकडं बघितलं की एकच गोष्ट सांगा: "बूट कपाटात ठेव." मग त्याच्याच तोंडून वदवून घ्या. बूट ठेव, हातपाय धू, डबा काढ आणि डायरी दाखव, असं एका दमात सांगितलं तर पहिलंच तेवढं ऐकलं जातं, कधीकधी ते पण नाही. "काय करलालास?" असा प्रश्न विचारून काही होत नाही, काय करायचं ते सांगा. शाळेच्या तयारीला दाराच्या आतल्या बाजूला, त्याच्या उंचीला, चित्रांची पट्टी चिकटवा. दप्तर, डबा, बाटली, ओळखपत्र, बूट. रोज बोंबलण्यापेक्षा "पट्टी बघ" एवढंच म्हणायचं.

आता अभ्यास, खरी भांडणं इथंच होतात. आपल्याकडं वेगळी स्टडी रूम कितीजणांकडं असते, दीड खोलीत टीव्ही, कुकर, आजोबांचा फोन, आणि सोलापुरात विडी घरकुलकडं किंवा अशोक चौकाच्या बाजूला राहत असाल तर शेजारच्या यंत्रमागाची खटखट. तरी एक कोपरा ठरवा, तोंड भिंतीकडं, समोर फक्त आत्ता लागणारं पुस्तक, वही आणि एक पेन्सिल, बाकी दप्तर पाठीमागं. गणिताचं पान पूर्ण उघडं ठेवलं तर 12 गणितं बघूनच पोरगं हात टेकतं, म्हणून पानावर कोरा कागद ठेवायचा, वरची 3 गणितं दिसतील एवढाच, ती झाली की कागद खाली सरकवायचा. मोबाईलवर नको, साधं स्वयंपाकघरातलं टायमर नाहीतर भिंतीवरचं घड्याळ वापरा, 10 मिनिटं काम, 3 मिनिटं मोकळं. मोकळ्या वेळात हलायलाच पाहिजे, खाली जाऊन येऊ दे, बादली भरू दे, दोरीवरच्या उड्या मारू दे. उभं राहून लिहीत असेल तर लिहू द्या, पाय हलवत असेल तर हलवू द्या, काम होतंय ना. तुम्ही शेजारी बसून तुमचं काही काम केलं, शेंगा सोलल्या तरी चालेल, तर तो जास्त वेळ टिकतो, नुसतं माणूस जवळ असण्यानं फरक पडतो.

कौतुक लगेच आणि नेमकं करा. "शहाणा आहेस" याच्यापेक्षा "हाक मारल्या मारल्या आलास, बरं वाटलं" हे कामाचं. वार्षिक परीक्षेत पहिला आलास तर सायकल, हे या पोरांसाठी फार लांबचं आहे, त्यांना आज संध्याकाळचं दिसतं. कॅलेंडरवर रोजच्या दोन-तीन ठरलेल्या कामांना टिकली लावा, पाच टिकल्या झाल्या की रात्री एक गोष्ट जास्त नाहीतर कंबर तलावावर चक्कर. मिळवलेली टिकली दंगा केला म्हणून काढून घेऊ नका, मग सगळा खेळच संपतो. शिक्षा म्हणून ग्राऊंड तर कधीच बंद करू नका, पळापळ हीच या पोरांची गरज आहे.

झोपेकडं बघा. 6 ते 12 वर्षांच्या पोराला 9 ते 12 तास झोप लागते, आणि आपल्याकडं उन्हाळ्यातली उकाड्याची रात्र, त्यात नळाला पाणी अवेळी आलं की घरभर बादल्यांचा आवाज. पाण्याच्या दिवशी पोराला आतल्या खोलीत झोपवा आणि झोपायच्या तासभर आधी मोबाईल बंद.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला नेणार असाल तर गर्दीत हात सोडून पळणार हे धरूनच चला. दुपारीच जा, खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, आत शिरायच्या आधी थांबून दोनच नियम त्याच्याकडून म्हणवून घ्या, आणि तो कंटाळायच्या आधी परत फिरा.

शाळेत बाईंशी भांडायला जाऊ नका, मदत मागायला जा. पहिला बाक, खिडकी-दारापासून लांब, मधेच खडू आणायला पाठवणं, आणि डायरीत तीनच गोष्टींवर रोज खूण: जागेवर बसला, काम पूर्ण केलं, हात वर करून बोलला. त्या खुणांचं बक्षीस घरी द्यायचं. बहुतेक बाई तयार होतात, एवढं सोपं असलं तर.

डॉक्टरांचं म्हणाल तर रक्त तपासून हे कळत नाही, मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ तुमच्याशी, पोराशी आणि शाळेकडून माहिती घेऊन ठरवतात. कान आणि डोळे आधी तपासून घ्या. 6 वर्षांच्या आतल्या पोरांना सहसा आधी आईबाबांचं ट्रेनिंग, त्यापुढं गरज असेल तर मिथाईलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटीनसारखी औषधं. सांगितली तशी घेतली तर व्यसन लागत नाही. भूक कमी होऊ शकते, झोप बिघडू शकते, म्हणून गोळीच्या आधी पोटभर खायला घाला, वजन-उंची मोजून घेत राहा, आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका. मिडब्रेन ॲक्टिव्हेशनच्या क्लासला आणि मेंदूच्या टॉनिकला पैसे घालू नका, कळकळीनं सांगते, त्या पैशात स्पेशल टीचर लावा.

सोलापुरात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मराठीत बोलतात. जाताना सगळ्या विषयांच्या वह्या, प्रगतिपुस्तकं, बाईंनी लिहिलेल्या चार ओळी आणि अभ्यासाच्या वेळेचा एखादा मोबाईलवरचा व्हिडिओ घेऊन जा, कारण डॉक्टरांसमोर दहा मिनिटं ही पोरं एकदम शांत बसू शकतात. लहानपणी बाबा किंवा मामा असाच होता का ते पण सांगा. केसपेपरच्या रांगेत वेळ जातो, एकजण रांगेत, एकजण पोराला घेऊन बाहेर मोकळ्यात, आणि नंबर आला की फोन.