फाउंड्रीतला जुना डॉस पीसी चालू करताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागात एखाद्या शॉपच्या माळ्यावर 486 किंवा सुरुवातीच्या पेंटियम चिपचा पीसी अजून सापडतो. भंगारात घालायचा म्हणून खाली काढतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की जुन्या जॉबचे सीएनसी (संगणकी कंट्रोलने चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्रॅम यातच आहेत. अशा वेळी लगेच पिन खोचून स्विच दाबू नका. इतकी वर्षं टिकलेलं मशीन बहुतेक वेळा त्या पहिल्या मिनिटातच जातं.

पहिलं कारण धूळ. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, त्यात ग्राइंडिंगचं लोखंड मिसळतं. जून ते सप्टेंबर ही धूळ ओल धरते आणि बोर्डावर वीज वाटेल तिकडे वाहू लागते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक धुळीवरून फिरवा, काळे केस उभे राहिले की समजायचं, धुळीत लोखंड आहे. सुक्या ब्रशने मोकळी करा आणि व्हॅक्यूमने ओढा. शॉपमधल्या काँप्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

2019 किंवा 2021 च्या पुरात बुडालेलं मशीन असेल तर वाळलेला गाळ खरवडू नका. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), डिस्क आणि फ्लॉपी ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा. नुसता मदरबोर्ड आणि कार्डं साध्या पाण्याने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून झाकलेल्या खोक्यात 40 वॉटचा बल्ब लावून दोन दिवस वाळवा.

दुसरं कारण बॅटरी. 386 आणि 486 च्या बोर्डावर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या रंगाची, 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटते आणि तिच्यातला अल्कली तांबं खातो. आजूबाजूला हिरवट-पांढरी बुरशी दिसली की बॅटरी कापून काढा. चांगली दिसत असली तरी काढाच. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा, फेस थांबेपर्यंत. मग डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. व्हिनेगर बोर्डावर राहिलं तर तेही तांबं खातं, म्हणून धुण्यात कंजुषी नको.

काळ्या पडलेल्या ट्रॅकवर सोल्डर बसत नाही. ब्लेडने चकचकीत तांबं दिसेपर्यंत खरवडा, फ्लक्स लावा, मगच कथील चढवा. प्रत्येक ट्रॅक मल्टीमीटरच्या बीपने दोन्ही टोकांना तपासा. तुटलेल्या जागी फ्लेक्सिबल वायरमधली एक तार पुरते. कीबोर्ड कंट्रोलर नेमका इथेच बसतो, त्यामुळे ‘स्क्रीन येते पण कीबोर्ड एरर दाखवते’ या तक्रारीचं मूळ सहसा याच दोन इंचांत असतं.

नवी बॅटरी म्हणून सीआर2032 बसवायची तर एक डायोड सिरीजमध्ये हवाच, पट्टीची बाजू बोर्डाकडे. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा. लिथियम सेलला चार्जिंग मिळालं तर तो फुगतो किंवा फुटतो. बीएटी85 सारखा शॉट्की डायोड घेतला तर व्होल्टेज कमी पडत नाही. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीची चार पिनांची जागा असेल तर तीन पेन्सिल सेलचा होल्डर लावणं जास्त सोपं. ग्राउंडची पिन मीटरने शोधा आणि जंपर ‘एक्स्टर्नल’वर टाका.

आता एसएमपीएस. मागचा लाल सिलेक्टर 230 वर आहे ना ते बघा. एटी (जुन्या पद्धतीच्या) केसमध्ये पुढच्या पॅनेलच्या स्विचपर्यंत थेट 230 व्होल्ट येतात, त्या चार वायरींवरचं इन्सुलेशन तडकलं असेल तर बदला. आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरवर मिळून 300 व्होल्टच्या वर डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. उघडायची सवय नसेल तर उघडू नका.

बोर्डाला न जोडता, 100 वॉटच्या सिरीज लॅम्पमधून (मेनच्या वायरीत मध्ये जोडलेल्या बल्बमधून) चालू करा. असे जुने एसएमपीएस रिकामे चालत नाहीत, म्हणून 5 व्होल्टवर गाडीचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब लावा, तो एक अँपिअरच्या आसपास ओढतो. सिरीजचा दिवा क्षणभर चमकून मंदावला पाहिजे. पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. लाल वायर 4.75 ते 5.25, पिवळी 11.4 ते 12.6 आणि निळी उणे 12 च्या आसपास. निळीकडे लोक बघतच नाहीत. ती गेली तरी पीसी व्यवस्थित चालतो, सीरियल पोर्ट मात्र मुका होतो.

बोर्डाला जोडताना पी8 आणि पी9 हे दोन कनेक्टर शेजारी बसतात. काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना लागून. उलटे बसवले तर बोर्ड संपला.

पहिल्यांदा फक्त रॅम आणि डिस्प्ले कार्ड ठेवा. 30 पिनी सिम (रॅमच्या पट्ट्या) 486 मध्ये चार-चारच्या गटाने लागतात. 72 पिनी सिम 486 मध्ये एक चालतो, पेंटियमला जोडी लागते. रॅमचे संपर्क खोडरबराने घासा, चुरा झटका. एएमआय कंपनीचा बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) असेल तर तीन बीप म्हणजे रॅम, आठ म्हणजे डिस्प्ले कार्ड. एकही बीप नसेल तर स्पीकर जोडलाय का ते आधी बघा, मग पोस्ट कार्डाच्या (एरर कोड दाखवणाऱ्या तपासणी कार्डाच्या) मागे लागा.

डिस्क फिरली तर सगळ्यात आधी डेटा काढा, बाकीची दुरुस्ती नंतर. यूएसबी अडॅप्टरवर फार जुनी डिस्क बऱ्याचदा दिसतच नाही, कारण तिला एलबीए (सेक्टरना सलग नंबर देण्याची पद्धत) येत नाही. अशी डिस्क तिच्याच पीसीत ठेवून फाइली बाहेर पाठवाव्या लागतात. पुढच्या वापरासाठी आयडीई (डिस्कच्या केबलला लागणाऱ्या) अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड उत्तम. जुन्या बायोसला 504 मेगाबाइटच्या पुढचं दिसत नाही, डॉस 6.22 ला एका पार्टिशनमध्ये 2 गिगाबाइटच्या पुढचं चालत नाही. 512 मेगाबाइटचं कार्ड (त्यावरचा मेगाबाइट दशलक्षाचा, म्हणून बायोसच्या मोजणीत ते 504 च्या आतच बसतं) मिळालं तर बहुतेक कटकटी टळतात. बुरशी आलेली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे पडतात.

फाइली बाहेर काढायला नेटवर्क कार्डाइतकं सोयीचं काही नाही. एनई2000 कंपॅटिबल आयसा (जुन्या स्लॉटचं) कार्ड, आरजे45 सॉकेटचं घ्या. बीएनसीचं (गोल, कोअॅक्स केबलचं) आलं तर 50 ओमची केबल, टी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवेत, एवढा खटाटोप आता कोण करणार! कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅममधून प्लग अँड प्ले बंद करा. आयओ (कार्डाचा पत्ता) 300 हेक्स, आयआरक्यू (इंटरप्टचा नंबर) 10. आयआरक्यू 3 देऊ नका, तो कॉम2 चा, म्हणजे दुसऱ्या सीरियल पोर्टचा. पॅकेट ड्रायव्हरला (डॉसमध्ये कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) तीन आकडे द्यायचे: सॉफ्टवेअर इंटरप्ट 60 हेक्स, मग आयआरक्यू, मग आयओ. त्यावर मायकल ब्रुटमन यांचा एमटीसीपी हा डॉसच्या नेटवर्क प्रोग्रॅमचा मोफत संच चालतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तोच 60 हेक्स लिहा, डीएचसीपी चालवा (पीसीला नेटवर्कचा पत्ता मिळतो) आणि लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर ठेवून फाइली ढकला, बायनरी मोडमध्ये. लिंकचा दिवा लागत नसेल तर स्विच 10 मेगाबिट चालवतो का ते बघा; 2.5 गिगाबिटचे काही नवे स्विच चालवत नाहीत. इंटरनेटला मात्र हा पीसी जोडू नका.

सीएनसीला जोडायची सीरियल केबल हा खरा गोंधळाचा विषय. फॅनक कंपनीच्या सीएनसी कंट्रोलवरच्या 25 पिनी सॉकेटला पीसीचा 9 पिनी पोर्ट जोडताना 2 ला 2, 3 ला 3 आणि पीसीचा 5 फॅनकच्या 7 ला. इथे 2-3 उलटायचे नसतात, कारण 9 पिनी आणि 25 पिनी पोर्टमध्ये ते मुळातच उलट आहेत. पीसीकडे 7-8 आपसात आणि 1-4-6 आपसात, फॅनककडे 4-5 आणि 6-8-20. शील्ड एकाच टोकाला जोडा, लांबी 15 मीटरच्या आत, आणि केबल वेल्डिंगच्या वायरीपासून लांब ठेवा. जोडताना दोन्ही मशीन बंद. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की पीसीची 1488 किंवा 75232 ही ड्रायव्हर चिप उडते. तपासायचं तर काही पाठवत नसताना पिन 3 आणि 5 मध्ये मोजा, उणे 8 ते उणे 12 व्होल्ट यायला हवेत. शून्य आलं तर ती निळी वायर आठवा, मग चिप.

सेटिंग बहुतेक ठिकाणी 4800 बॉड, 7 बिट, इव्हन पॅरिटी, 2 स्टॉप बिट अशी असते, तरी कंट्रोलवरचे पॅरामीटर बघूनच ठेवा. पाठवायचं काम करणारा प्रोग्रॅम क्यूबेसिकमध्ये (डॉसमधली बेसिक भाषा) पंधरा-वीस ओळींत होतो. कॉम1 उघडताना सीएस0 आणि डीएस0 (समोरच्या सिग्नलची वाट न बघण्याचे पर्याय) लिहा, नाहीतर डिव्हाइस टाइमआउट येतो. एक्सऑन-एक्सऑफ (चला-थांबा हे इशारे) क्यूबेसिक स्वतः सांभाळत नाही. मशीनकडून 19 नंबरचं अक्षर आलं की थांबायचं, 17 आलं की पुढे जायचं, आणि ही तपासणी दर ओळीला न करता दर अक्षराला करायची. थांबा म्हटल्यावर फॅनक आणखी मोजकीच अक्षरं घेतो, पुढे ओव्हरफ्लो अलार्म देतो. ट्रान्समिट बफरही टीबी या पर्यायाने लहान करा, नाहीतर प्रोग्रॅम थांबला तरी बफरमधली अक्षरं जात राहतात.

प्रोग्रॅम चढल्यावर लगेच सायकल स्टार्ट दाबू नका. तोच प्रोग्रॅम मशीनवरून परत पीसीत पंच करून (पाठवून) घ्या आणि डॉसच्या एफसी कमांडने दोन्ही फाइली ताडून बघा. रिकाम्या ओळींचा फरक दिसेल, तो चालतो. एकाही आकड्याचा फरक दिसला तर केबल आणि पॅरिटी पुन्हा तपासा.