रात्रीच्या खाडीत होडीवरचा फोकस: निवड आणि बसवणी

होडीवर फोकस बसवताना सर्वांत जास्त घोटाळा होतो तो रस्त्यावरच्या सवयीमुळे. मोटारीचा दिवा आपण निघाल्यापासून पोहोचेपर्यंत चालू ठेवतो, आणि पहिल्यांदा रात्री खाडीत उतरणारा माणूस होडीकडूनही तीच अपेक्षा ठेवतो. पण रस्त्यावर दिव्याचा उजेड डांबरावर, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि कडेच्या झाडांवर पडून डोळ्यांकडे परत येतो. पाण्यावर पडलेला उजेड मात्र बहुतांशी पुढे निसटतो किंवा आत जिरतो, आणि परत येतो तो फक्त हवेतल्या दमटपणावरून आणि आपल्याच होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून. शिवाय अंधाराला नीट सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात आणि तो सराव एका झगमगाटात नाहीसा होतो. म्हणून होडीवरचा फोकस हा एरवी विझलेला ठेवून, खुंट, जाळ्याची बोय (खुणेचा तरंगता गोळा), धक्क्याची पायरी किंवा पाण्यात पडलेला माणूस शोधण्यापुरता काही सेकंद लावायचा दिवा आहे, असे समजूनच त्याची निवड करावी. पुढचे विवेचन दाभोळ, जयगड, राजपुरी किंवा कर्लीच्या खाडीत फिरणाऱ्या, साधारण ५ ते ८ मीटर लांबीच्या, आउटबोर्ड इंजिन आणि १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या फायबरच्या होडीसाठी आहे.

फोकस घेण्याआधी होडीवर नियमाचे दिवे आहेत की नाहीत, हे पाहावे. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटरपेक्षा लहान यांत्रिक होडीने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा आणि डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा असे बाजूचे दिवे दाखवले तर चालते. हे दिवे दुसऱ्याने आपल्याला पाहावे म्हणून असतात. त्यांच्याशी गल्लत होईल, त्यांना झाकोळून टाकील किंवा टेहळणीत अडथळा आणील असा दुसरा कोणताही दिवा लावण्यास हेच नियम मनाई करतात. सतत पेटलेला फोकस या तिन्ही गोष्टी एकदम करू शकतो. समोरच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, पांढऱ्या झोतापलीकडे आपला लाल दिवा दिसतो की हिरवा, हेच कळत नाही, आणि आपण कोणत्या बाजूने जाणार याचा त्याला अंदाज लागत नाही.

आता निवडीकडे वळू. दुकानात दिव्याच्या खोक्यावर ल्युमेनचा मोठा आकडा छापलेला असतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून चहूकडे बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एका दिशेला किती एकवटला आहे, हे सांगणारे माप कँडेला हे आहे, आणि लांबची वस्तू शोधताना तेच कामाचे असते. उत्पादक जे पल्ल्याचे अंतर छापतात, ते बहुधा झोताचा उजेड पाव लक्सपर्यंत (लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचे माप), म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो तिथपर्यंतचे असते. त्या हिशेबाने १०,००० कँडेलाचा दिवा २०० मीटर आणि ४०,००० कँडेलाचा ४०० मीटर भरतो. म्हणजे पल्ला दुप्पट करायचा तर उजेड चौपट लागतो. चांदण्याइतक्या उजेडात पांढरी बोय ओळखता येईलही, पण भरतीच्या पाण्यात वीतभर डोके वर काढून उभा असलेला काळा, शेवाळलेला खुंट दिसत नाही. म्हणून छापील अंतराच्या निम्मेच खरे धरावे, कारण निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे एक लक्स मिळतो. १० नॉट वेगाने होडी सेकंदाला सुमारे ५ मीटर जाते. २०० मीटरवर वस्तू दिसली तर ४० सेकंद हाताशी राहतात आणि खाडीत तेवढे पुरेसे आहेत. माझ्या मते ४० ते ५० हजार कँडेलाच्या पुढे जाण्यात लहान होडीचा काही फायदा नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे खाडीवर धुके उतरते तेव्हा दिवा जितका प्रखर, तितकी समोरची पांढरी भिंत दाट होते.

झोताची रुंदी सुमारे १० अंश असावी. एवढा झोत १०० मीटरवर साधारण साडेसतरा मीटर पसरतो. त्यात खुंटांमधली वाट एका नजरेत मावते. कामाच्या जागी वापरतात तो पसरट चौकोनी दिवा इथे उपयोगाचा नाही.

हातात धरायचा फोकस की पक्का बसवायचा, हा प्रश्न होडीत किती माणसे आहेत यावर सुटतो. दोघे असतील तर एकाने नाळेवर बसून हातातला फोकस फिरवणे हीच सर्वांत उत्तम सोय आहे, कारण माणसाचा हात कोणत्याही यंत्रापेक्षा लवकर वळतो. एकटा माणूस इंजिनही धरणार आणि दिवाही, तर मात्र पक्का दिवा हवा. तो घेतानाही एक छोटी चार्जिंगची हातबॅटरी (टॉर्च) सोबत ठेवावीच. तिचा खास उपयोग पुढे येईल.

दिव्याची बांधणी पाहताना आयपी ६७ हा दर्जा किमान असावा. असा दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी शिरत नाही. मात्र ही चाचणी खाऱ्या पाण्याची नसते आणि गंजाबद्दल ती काहीच सांगत नाही, हे विसरू नये. स्क्रू आणि पट्टी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. ३०४ प्रतीवर एका मोसमात तपकिरी डाग उतरतात. दिव्याचे घर ॲल्युमिनियमचे असेल तर स्टीलचा स्क्रू आणि ते यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, नाहीतर दोन धातूंच्या संगतीत खारे पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकते आणि पांढरी भुकटी सुटू लागते.

विजेचा हिशेब सोपा आहे. ५५ वॉटचा हॅलोजन १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरहून अधिक खेचतो, तर २४ वॉटचा एलईडी २ अँपिअरवर भागवतो; बॅटरी चार्ज करण्याची सोय नसलेल्या लहान इंजिनावर हा फरक मोठा ठरतो. एलईडीचा एक दोष मात्र आधीच तपासावा. स्वस्त एलईडीच्या आतल्या सर्किटमुळे व्हीएचएफ रेडिओवर, म्हणजे होड्यांच्या आपसातल्या बोलण्याच्या बिनतारी संचावर, खरखर वाढते आणि दूरचे बोलणे त्यात बुडते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल इशाराच काढला होता. रेडिओ रिकाम्या चॅनेलवर लावून स्क्वेल्च (खरखर दाबणारे बटण) खरखर जेमतेम थांबेल इथवर आणावा आणि फोकस पेटवावा. खरखर परत सुरू झाली तर तो दिवा दुकानदाराला परत करावा.

मासेमारीची होडी असल्यास आणखी एक भान हवे. प्रखर एलईडी दिवे पाण्यावर सोडून मासे गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली आहे. वाट शोधण्याचा एक फोकस म्हणजे ती मासेमारी नव्हे. पण छतावर चारी बाजूंना दिव्यांची रांग लावून फिरणाऱ्याने गस्तीच्या बोटीशी वाद घालण्याची तयारी ठेवावी.

जागेची निवड हा साऱ्या कामाचा कस आहे. दिव्याच्या झोतात होडीचा कोणताही भाग येता कामा नये. मी पहिला फोकस नाळेच्या टोकापासून हातभर मागे, पांढऱ्या डेकवर बसवला होता. पहिल्याच अमावास्येला तो पेटवला तेव्हा स्टीलचा कठडा, नांगराची निळी दोरी, तिच्यावरची गाठ, डेकवर सुकलेले माशाचे खवले, एवढे सगळे लख्ख दिसले. त्यापलीकडे काजळासारखा अंधार होता. चार छिद्रे बुजवून दिवा हलवावा लागला. तेव्हापासून मी छिद्र पाडण्याआधी दिवा एक रात्र क्लॅम्पने किंवा दोरीने बांधून, नेहमीच्या जागी उभा राहून पाहतो, आणि हाच क्रम सर्वांनी ठेवावा.

उघड्या होडीत नाळेच्या अगदी टोकाशी, काठाबाहेर किंचित झुकलेली जागा बरी. तिथे तुषार उडतात आणि नांगराची दोरी अडकू शकते, म्हणून दांडा काढता येईल असा असावा. छत असेल तर त्याची पुढची कड निवडावी आणि खालचे डेक झोतातून पूर्ण सुटते का, ते पाहावे. दिवा डोळ्यांच्या पुढे आणि डोळ्यांच्या रेषेपासून वर किंवा खाली असला म्हणजे धुक्यावरून परतणारा उजेड कमी टोचतो. डोळ्यांच्या मागे तो कधीही नसावा. पांढरा चहूबाजूंचा दिवा फोकसमुळे झाकला जाऊ देऊ नये. होकायंत्र जवळ असेल तर फोकस पेटवून काटा हलतो का, ते तपासावे; हलला तर दिव्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांचे परिणाम एकमेकांना मारतात.

फायबरला छिद्र पाडताना ड्रिल आधी उलटे फिरवून वरचा गुळगुळीत थर खरवडावा, मग सुलटे चालवावे. असे केल्याने कडेला तडे जात नाहीत. आत प्लायवुड असेल तर छिद्र मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ते सुकल्यावर त्यातच योग्य मापाचे छिद्र पाडावे, नाहीतर पाणी लाकडात मुरून डेक मऊ पडतो. खालच्या बाजूने जाड पट्टी देऊन नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले, सैल न होणारे) नट आवळावेत. भरण्यासाठी होडीवर वापरायचे पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे न्हाणीघरातले सिलिकॉन तांब्याला खाते आणि फायबरला धड चिकटतही नाही.

वायर कल्हई केलेल्या तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची असावी. बॅटरीपासून दिवा ५ मीटरवर असेल तर जाण्यायेण्याच्या १० मीटर वायरीत २ अँपिअरला जेमतेम ०.१५ व्होल्ट गळतो. त्याच अंतरावर १ चौरस मिलिमीटरची वायर आणि हॅलोजन जोडला तर जवळपास एक व्होल्ट वाटेतच जातो आणि दिवा पिवळट जळतो. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. जोड क्रिंप करून, म्हणजे धातूच्या टोपीत पकडीने दाबून, त्यावर आतून डिंक असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसत्या चिकटपट्टीच्या जोडात खारे पाणी शिरून तांबे हिरवे पडते. दिव्याजवळ वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते. बटण दाबून धरले तरच दिवा पेटेल असे घ्यावे. हात सुटला की दिवा विझतो, आणि विसरून चालू राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

वापरताना वेग कमी करून झोत जवळून लांब आणि एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे संथ न्यावा. समोरून होडी येत असेल तर तिच्या सुकाणूवर झोत कधीही टाकू नये. दुसऱ्याला धोका दाखवायचा असल्यास झोत धोक्याच्या दिशेने वळवण्याची मुभा नियमांत आहे, पण तोही त्याचे डोळे दिपणार नाहीत असा. आपल्या खुंटांवर, बोयांवर आणि लाइफ जॅकेटवर प्रकाश परतवणारी पट्टी चिकटवावी. ही पट्टी उजेड ज्या बाजूने आला तिकडेच परत पाठवते, म्हणून नाळेवरच्या फोकसपेक्षा डोळ्यांशेजारी धरलेल्या लहान हातबॅटरीने ती जास्त चमकते; ही बॅटरी सोबत ठेवण्याचे कारण हेच. वाशिष्ठीत काठाकडे अशी बॅटरी मारताना दोन तांबूस ठिपके तसेच चमकले, तर ती पट्टी नव्हे, मगर आहे असे समजून तिथे होडी लावू नये.

दर फेरीनंतर दिवा गोड्या पाण्याने धुवावा आणि काच मऊ फडक्याने पुसावी, कारण मिठाचा पापुद्रा झोत फोडतो. १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या की दिवा दांड्यासह काढून घरी आणावा, वायरीची टोके व्हॅसलीन लावून प्लास्टिकमध्ये बांधावीत, आणि ऑगस्टमध्ये होडी पाण्यात लोटण्याआधी तो काठावरच एकदा पेटवून पाहावा.