पॅकिंग निवडताना या चुका टाळा: आधी भंगारवाल्याला विचारा

माझं लातुरात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पाऊच, बरण्या, मिठाईचे खोके, द्रोण, टेप. गावोगावच्या उकिरड्यांवर जे उडत असतं, त्यातलं काही माझ्याच फळीवरून गेलेलं असणार, हे आधीच कबूल केलेलं बरं.

पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते "स्वस्तातलं दाखवा" म्हणत. आता पापड-मसाल्याच्या बचत गटातल्या ताई असोत, लाकडी घाण्यावर करडईचं तेल काढणारे असोत की पेढेवाले, सगळे विचारतात, "भाऊ, हे चालतं ना? दंड तर नाही बसणार?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा, की आतला माल संपल्यावर ही पिशवी, ही बरणी उचलणार कोण? बहुतेक चुका हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

"१२० मायक्रॉनची आहे, म्हणजे चालते"

ही चूक वाचून-सवरून येणारी माणसं जास्त करतात. केंद्राच्या नियमात कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली, हे खरं. पण महाराष्ट्राने त्याच्या कितीतरी आधी, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने, प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी घातली. हँडल असो नसो, जाड असो पातळ असो. केंद्राचा आकडा किमान आहे, राज्याला त्याहून कडक होता येतं. त्यामुळे दुसऱ्या राज्यातून आणलेली जाडजूड पिशवी इथे गल्ल्याखालून निघाली की पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार आणि तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद.

कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशवीने तर मलाच फसवलं. तीही प्लास्टिकच, पॉलिप्रॉपिलीनची. राज्याने २०१८ मध्ये तिलाही बंदीत घेतलं होतं, २०२२ च्या अखेरीस ६० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाच्या, आणि त्यावरच्या पिशवीला मोकळीक मिळाली. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने गठ्ठ्यावर '६०' छापून माल दिला, मी डोळे झाकून लावून घेतला. पथक आलं, पिशवी मोजली, आणि माझ्या हातात पाच हजारांची पावती. तेव्हापासून नवा गठ्ठा आला की एका पिशवीचा दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापतो आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवतो. ६० जीएसएमच्या कापडाचा एवढा तुकडा ०.६० ग्रॅम भरला पाहिजे. त्या दंडाच्या गठ्ठ्यातला तुकडा भरला ०.४२. सराफ हसला, म्हणाला, "तुझ्यापेक्षा माझं गिऱ्हाईक बरं, ते घ्यायच्या आधी वजन बघतं."

त्रिकोण दिसला की रिसायकल होणार, हा समज

पाऊचच्या मागे बाणांचा त्रिकोण असतो, आत १ ते ७ मधला आकडा. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, एवढंच. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ कॅनचं एचडीपीई, ४ दुधाच्या पिशवीचं एलडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी. ७ म्हणजे 'इतर', आणि थरांच्या पाऊचवर बहुधा हाच असतो. त्रिकोण म्हणजे "हे पुन्हा वापरात येईल" अशी हमी नाही.

हमी कोण देतो? भंगारवाला. माझ्या दुकानामागे एक चाचा हातगाडी लावतात. पाच-सहा जातीचे रिकामे पाऊच त्यांच्यापुढे टाकून विचारलं, यातलं काय घेता? त्यांनी दुधाची पिशवी बाजूला काढली, साधी पारदर्शक पीपीची पिशवी चुरगाळून आवाज ऐकला आणि तीही ठेवली. चंदेरी मसाल्याचा पाऊच दोन बोटांत धरून परत माझ्याकडे सरकवला. "शेठ, ये चमकी नै चलती. फुकट दिये तो बी नै."

कारण साधं आहे. चंदेरी पाऊचमध्ये पॉलिस्टर, त्यावर धातूचा पातळ मुलामा, आत पॉलिथिन, असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. प्रत्येकाचा वितळबिंदू वेगळा, आणि सुटे करायचे यंत्र आपल्या भागातल्या गाळ्यांवर नाही. मग ते सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं, नाहीतर माळावर.

आता कुणी म्हणेल, मग चंदेरी पाऊच बंदच करा. तसं नाही. काळ्या मसाल्याचा वास साध्या पिशवीत महिनाभरही टिकत नाही, त्याला आडोसा लागतोच. पण ज्वारीच्या पापडांना, शेवयांना, वाळवलेल्या कुरडयांना चंदेरी पाऊच कशाला? त्यांना दमटपणा लागू नये एवढंच हवं, आणि ते काम चांगल्या जाडीची पीपी पिशवी करते. एका गटाच्या ताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दादा, चमकत नसलं तर प्रदर्शनात कोणी हात लावत नाही." हे खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांनी मसाला चंदेरीत ठेवला, पापड साध्यात नेले, वर कागदी पट्टी लावली.

त्याच ओघात लहान पुड्यांचं. ५० ग्रॅमच्या आठ पुड्यांना लागणारी फिल्म ४०० ग्रॅमच्या एका पाकिटाच्या साधारण दुप्पट होते, कारण माल आठपट झाला तरी पृष्ठभाग चौपटच वाढतो. आठवडी बाजाराला ५ रुपयांची पुडी लागते, मान्य. पण जे गिऱ्हाईक वर्षाचा मसाला नेतं, त्यालाही लहान पुड्यांची माळ का द्यायची?

बाटलीवाल्यांची चूक वेगळी. पेटच्या बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत पीव्हीसी या प्लास्टिकची आवळून बसणारी पट्टी चढवतात, दिसायला झकास. पुनर्प्रक्रियेत तुकडे पाण्यात टाकून वेगळे करतात. झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, पेट बुडतं, आणि पीव्हीसीही पेटबरोबरच बुडतं. ते वितळवताना जळून अख्खी खेप पिवळी पडते. लेबल कागदाचं किंवा पीपीचं लावा, अर्ध्या उंचीचं लावा.

"कंपोस्टेबल आहे, टाका उकिरड्यावर"

कंपोस्टेबल पिशवीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाप्रमाणे ती तपासलेली असावी लागते. नुसतं हिरवं पान छापून 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी मी घेत नाही. पण अस्सल पिशवीसुद्धा मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाच्या उष्णतेत कुजते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाळून पडलेल्या उकिरड्यावर ती तशीच पडून राहते आणि म्हैस चघळते. वर ती साध्या प्लास्टिकच्या भंगारात मिसळली तर तेही नासवते.

पेढ्याच्या खोक्यावरची फिल्म

१ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंच्या यादीत स्ट्रॉ, चमचे आणि थर्माकोलची सजावट आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यादीत मिठाईच्या खोक्यावर, निमंत्रणपत्रिकेवर आणि सिगारेटच्या पाकिटावर गुंडाळायची पातळ फिल्म आहे, हे कुणाच्या लक्षात नसतं. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेढ्याचा भाव वाढला, आणि खोक्यावर ही फिल्मही वाढली. कागदी पट्टीने खोका बंद करा. आणि खोका चकचकीत लॅमिनेशनचा नको, तसला पुठ्ठा रद्दीत कमी भावात जातो.

वर्तमानपत्रात भजी बांधणं अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत बसत नाही. शाई पोटात जाते. पुनर्वापर म्हणून त्याचं कौतुक करू नका.

ईपीआरच्या फोनला घाबरून पैसे भरणं

१६ फेब्रुवारी २०२२ ला केंद्राने विस्तारित उत्पादक जबाबदारीचे, म्हणजे ईपीआरचे, नियम आणले. जो पॅकिंग बाजारात आणतो, त्यानेच तेवढा कचरा गोळा करून पुनर्प्रक्रियेला द्यायचा, असं त्याचं सार. कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पासून ६० टक्के पुनर्प्रक्रिया केलेलं प्लास्टिक, असेही टप्पे त्यात आहेत.

मग बचत गटांना फोन येतात. "मॅडम, ईपीआर सर्टिफिकेट नसेल तर युनिट सील होईल, आजच फी भरा." माझ्या ओळखीतल्या एका गटाने भरलेही. खरी गोष्ट अशी, की स्वतःच्या नावाने माल विकणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांवर हे ओझं टाकलेलं नाही. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल. कुरडयांच्या गटाला तिथवर जायला वेळ आहे. उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योग असल्याच्या सरकारी नोंदीचा, कागद काढून ठेवा आणि फोन ठेवून द्या.

मात्र सूट ईपीआरपुरती आहे. बंदी असलेली वस्तू लहानालाही चालत नाही. आणि पाऊच ज्याच्याकडून घेता, त्याचा नोंदणी क्रमांक व पक्कं बिल मागा. माझ्याकडूनही मागा. बिल नाही म्हणणाऱ्याचा माल बहुतेक वेळा मोजमापातही कमी भरतो.

दुधाची पिशवी आणि ओल्यात गेलेलं सुकं

दुधाच्या पिशवीला राज्याने २०१८ मध्ये ५० मायक्रॉनची अट आणि ५० पैसे परतीची किंमत छापायची अट घातली होती. ते ५० पैसे आमच्या घरी कधी परत आले नाहीत. पण पिशवी भंगारात चालते, फक्त कोपरा पूर्ण कापून टाकू नका. तेवढा बारका तुकडा कुणी वेचत नाही. कोपरा लटकता ठेवायचा, पिशवी विसळून वाळवायची.

विसळणं ही हौस नव्हे. आमटी लागलेला डबा ओल्या कचऱ्यात गेला की तो कुणाच्याच कामाचा नाही. संभाजीनगरने हे भोगलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये, जिथे शहराचा कचरा डेपो होता त्या नारेगावच्या लोकांनी मिसळलेल्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहराचा कचरा रस्त्यावर साचला, आणि मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळवल्यावर तिथे दगडफेक आणि जाळपोळ झाली.

पुन्हा वापर, पण भलत्याच डब्यात

आपल्याकडे पॅकिंग परत वापरायची सवय नवी नाही. पाण्याचा २० लिटरचा जार रोज परत जातो. बारदान्याला तर किंमतच आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव केंद्रांवर पोती नव्हती म्हणून सोयाबीनची मापं रखडली, ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. धान्यासाठी ज्यूटच्या पोत्याची सक्ती करणारा कायदा १९८७ चा आहे.

पण याच सवयीत धोकाही आहे. फवारणीची बाटली धुऊन तिच्यात डिझेल किंवा, देव न करो, पाणी भरू नका. औषध ओततानाच बाटली तीनदा खळखळून ते पाणी पंपात घ्यायचं, मग बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे कुणी वापरणारच नाही. कीटकनाशक नियमांतही रिकामी बाटली पुन्हा वापरता येणार नाही अशी करायला सांगितलंय. खताच्या पोत्याची बाजारची पिशवी शिवा, पण तिच्यात खायची ज्वारी ठेवू नका. आणि घाणेवाल्यांनो, जुन्या पत्र्याच्या डब्यात तेल भरून विकणं नियमात बसत नाही. कितीही उकळून धुतला तरी.

बरणी परत येत नाही

लोणच्याच्या एका गटाने काचेची बरणी सुरू केली. अनामत ५ रुपये. बरणी घरोघरी डाळी भरायला राहिली, कारण रिकामी बरणीच बाजारात त्याहून महाग आहे. अनामत ३० केली, तेव्हा बरण्या यायला लागल्या. बुडावर ऑइल पेंटचा एक ठिपका दिला, म्हणजे दुसऱ्याची बरणी आपल्या खात्यात येत नाही. पाण्याच्या जारवाल्यांकडून शिकलेली युक्ती.

मग दुसरी अडचण. परत आलेल्या बरणीत भरलेल्या लोणच्याला वरून बुरशी. धुण्यात कसूर नव्हती, झाकण जुनं होतं. पत्र्याच्या झाकणाच्या आतला मऊ थर एकदा दाबला गेला की पुन्हा हवाबंद बसत नाही. काच दहा वेळा वापरा, झाकण दरवेळी नवं. जुनी झाकणं चाचांच्या गाडीवर जातात, पत्रा म्हणून.

एसटीच्या पार्सलने पुण्याला गेलेली बरणी मात्र परत येत नाही, अनामत कितीही ठेवा. तिथे त्या ताई आता पाऊचच पाठवतात, एक किलोचा.