पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सीपीयूचा (मुख्य प्रोसेसरचा) पंखा फिरायचा, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. बिघाड सांगणारी बीपही नाही, अर्थात मदरबोर्डला (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डला) छोटा स्पीकर जोडलेला नसेल तर बीप येणार कुठून?

मॉनिटरची केबल ठीक होती. (वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही.)

नागपुरात मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो. ओल आणि धूळ मिळून रॅमच्या (मेमरीच्या कार्डाच्या) सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, म्हणून संशय थेट रॅमवर. प्लग काढून पॉवरचं बटण १० सेकंद दाबून ठेवलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. दोन्ही रॅम काढून पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसल्या, चुरा ब्रशने झाडला. स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते.

एकच रॅम सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये 'टक्' होईपर्यंत दाबली. स्क्रीन आली! दुसरी चौथ्यात लावली, पुन्हा काळोख. टॉर्च मारून पाहिलं तर स्लॉटच्या फटीत कूलरच्या ताटीतली गवताची काडी. चिमट्याने काढली, दोन्ही रॅम दिसू लागल्या.

तारीख मात्र दरवेळी जुनीच. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डवरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट दाखवत होता, नवा ३ च्या वर असतो. बदलला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख भरली.

डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला काही मिनिटंही लागतात. घाईने बंद करू नका.