तान्हेपणी गेलेल्या बाळाचे पूर्वज कसे शोधावेत

तान्हेपणीच दगावलेल्या बाळाच्या नावावर विवाहाची नोंद नसते, आणि दोन जनगणनांच्या मधल्या काळात ते जन्मून गेले असेल तर जनगणनेतही ते सापडत नाही. म्हणून शोध मृत्यूच्या नोंदीपासून सुरू करावा. तीत वय बहुधा दिवसांत किंवा महिन्यांत दिलेले असते, त्यावरून मागे मोजत जन्माची नोंद गाठता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी आहे. तिथे बाळाच्या मृत्यूच्या दाखल्यात व्यवसायाच्या रकान्यात बहुधा वडिलांचे नाव आणि त्यांचा धंदा लिहिलेला असतो, तर आईचे माहेरचे आडनाव जन्माच्या दाखल्यात मिळते. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून मृत्यूच्या नोंदीतच आईवडील दोघांचीही नावे विचारली जात. मृत्यूची खबर कोणी दिली, हेही लक्षपूर्वक वाचावे, कारण ती व्यक्ती आजी किंवा मावशी असेल तर आईच्या माहेरचा धागा तिथेच हाती लागतो.

सर्वांत मोठा धोका नावाचा आहे. गेलेल्या बाळाचे नाव पुढच्या भावंडाला ठेवण्याची रीत अनेक समाजांत होती, त्यामुळे एकाच्या जन्माची नोंद दुसऱ्याच्या आयुष्याला जोडली जाते आणि पुढची सगळी वंशावळ चुकते. एकाच दांपत्याची एकाच नावाची दोन मुले दिसली, की दोघांच्याही मृत्यूच्या नोंदी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यापुढचा शोध भावंडांच्या आधारे करावा, कारण पूर्वज तेच असतात आणि मोठ्या झालेल्या भावंडांनी कागदपत्रे अधिक मागे ठेवलेली असतात. अमेरिकेच्या १९०० आणि १९१० च्या जनगणनांत आईला एकूण किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हे विचारले होते. इंग्लंडच्या १९११ च्या जनगणनेतही विवाहित स्त्रियांबाबत असाच प्रश्न होता. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या आईने गमावलेली मुले, आणि त्यांतले प्रत्येक मूल नोंदींत शोधण्याजोगे आहे. आईवडिलांच्या विवाहाचा दाखला मिळाला, तर १८३७ नंतरच्या इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यावर वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे सहसा असतात, म्हणजे दोन्ही घराण्यांत आणखी एक पिढी मागे जाता येते.

बाप्तिस्मा न झालेल्या बाळाचे दफन चर्चच्या नोंदवहीत अनेकदा सापडत नाही. अशा वेळी सार्वजनिक दफनभूमीच्या नोंदवह्या पाहाव्यात. नाव ठेवण्यापूर्वीच गेलेले बाळ इंग्लंडच्या नागरी नोंदणीच्या सूचीत आडनावाखाली केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ अशा अर्थाच्या शब्दाने नोंदलेले असते, म्हणून नावाची चौकट रिकामी ठेवून आडनाव, ठिकाण आणि वर्ष यांवरूनही एकदा शोध घ्यावा.