जेसॉन की प्रोटोबफ? बेंचमार्क लावताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात मी ऑफिसात छाती काढून सांगितलं की आपल्या कामाला प्रोटोबफ जेसॉनपेक्षा स्लो पडतं (दोन्ही डेटा साठवायचे-पाठवायचे फॉरमॅट, जेसॉन वाचता येणाऱ्या मजकुरात, प्रोटोबफ बायनरीत). बेंचमार्कचे, म्हणजे मोजमापाच्या टेस्टचे, आकडे होते ना हातात! पुण्यातल्या बसथांब्यांची लिस्ट, नाव, अक्षांश, रेखांश, रूट नंबर असा साधा डेटा, दोन्हीकडून एन्कोड-डिकोड केला, म्हणजे त्या फॉरमॅटमध्ये लिहून परत वाचला, आणि प्रोटोबफ सपशेल आपटलं. आमच्या सिनियर ताईने आकड्यांकडे बघितलंही नाही, म्हणाली, "अरे, आधी डॉकरफाइल उघड."

ती फाइल (प्रोग्रॅम कसल्या सेटअपमध्ये चालवायचा ते त्यात लिहिलेलं असतं) उघडली तर आत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे बाहेरून दिलेल्या सेटिंगची, एक जुनी ओळ, प्रोटोबफला शुद्ध पायथनमध्ये चालायला लावणारी. झालं काय, 2022 मध्ये पायथनचं प्रोटोबफ 4.21 आलं, आतलं इंजिन बदललं, जुन्या प्रोटोसीने (प्रोटोबफसाठी कोड बनवणारं टूल) जनरेट केलेल्या फाइल्स इम्पोर्ट केल्या की डिस्क्रिप्टरचा एरर यायला लागला आणि नेटवर जो तो हाच जुगाड सांगत सुटला. एरर गेला खरा, पण सीमधलं फास्ट इंजिनही त्याच्याबरोबर गेलं. खरा उपाय म्हणजे ती ओळ काढून नव्या प्रोटोसीने फाइल्स परत जनरेट करायच्या. आणि टेस्ट सुरू होतानाच एपीआय इम्प्लिमेंटेशनचा टाइप, म्हणजे आत कोणतं इंजिन चालतंय ते, प्रिंट करा, 'यूपीबी' (ते सीमधलं इंजिन) आलं तर पुढे जा, 'पायथन' आलं तर ते आकडे कुणाला दाखवू नका, माझ्यासारखे तोंडावर पडाल.

दुसरी चूक आपल्या मराठी लोकांना जास्त बाधते. टेस्ट डेटात सगळे 'स्टॉप वन, स्टॉप टू' इंग्लिशमध्ये टाकतात आणि प्रॉडक्शनमध्ये असतं 'कोथरूड'. पायथनचं साधं जेसॉन डिफॉल्टला प्रत्येक देवनागरी चिन्ह एस्केप करून, म्हणजे इंग्लिश अक्षर-आकड्यांच्या कोडात, लिहितं, एकाला 6 बाइट्स, म्हणजे कोथरूडच्या 6 चिन्हांचे झाले 36. तेच ओआरजेसॉन (जेसॉनसाठीचीच दुसरी पायथन लायब्ररी) सरळ यूटीएफ-8 (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची नेहमीची पद्धत) लिहितं, चिन्हाला 3, एकूण 18. आता निम्मी साइज बघून कुणी लायब्ररीची आरती ओवाळत असेल तर थांबवा त्याला, साध्या जेसॉनलाही एन्शुअर-आस्की ही सेटिंग फॉल्स दिली की तेवढेच 18 येतात. शिवाय ओआरजेसॉन थेट बाइट्स देतं आणि साधं जेसॉन स्ट्रिंग देतं, तिचं एन्कोडिंगही वेळेत धरा, नाहीतर एकाचं काम अर्धंच मोजलं जातं.

प्रोटोबफच्या साइजमध्येही एक खड्डा आहे. बस किती मिनिटं लेट आहे ते इंट-32 या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवलं, आणि बस दोन मिनिटं लवकर आली (हसू नका, होतं कधीकधी) तर त्या उणे दोनला तब्बल 10 बाइट्स लागतात. फील्ड एसइंट-32 (उणे आकड्यांसाठीचा प्रकार) केलं की 1 बाइट पुरतो.

फ्लॅटबफर्स या आणखी एका फॉरमॅटचा डिकोड टाइम जवळपास शून्य दिसला तर हुरळून जाऊ नका. ते डिकोड करतच नाही, फील्ड मागितलं की तेव्हा बफरमधून वाचतं. त्यामुळे लूपमध्ये प्रत्येक फील्ड खरंच वाचा आणि मग मोजा. टाइमइट (पायथनचं वेळ मोजायचं टूल) वापरत असाल तर ते गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणं, बंद करून मोजतं हेही ध्यानात ठेवा, सर्व्हरवर ते चालू असतं आणि हजारो डिक्शनऱ्या तयार झाल्या की जाणवतं.

मेमरी मोजताना तर मी दोनदा फसलो. ट्रेसमॅलॉकला (पायथनचं मेमरी मोजायचं टूल) पायथनच्या अलोकेटरमधून घेतलेलीच मेमरी दिसते, सी किंवा रस्ट भाषेतल्या कोडने परस्पर घेतलेली दिसत नाही, म्हणून नेटिव्ह लायब्ररी उगाच काटकसरी वाटते. मग मॅक्स-आरएसएसकडे वळलो, तर तो आकडा म्हणजे प्रोसेसने वापरलेल्या मेमरीचा आजवरचा उच्चांक, खाली येतच नाही, सबब दुसऱ्या नंबरवर चालवलेल्या लायब्ररीच्या माथी पहिलीचं पाप येतं. प्रत्येकीला वेगळी प्रोसेस द्या. आणि लिनक्सवर तो किलोबाइटमध्ये येतो, मॅकवर बाइटमध्ये, त्यामुळे माझ्या मॅकवर हजारपट मेमरी बघून मी अर्धा तास लीक शोधत बसलो होतो.

एक अस्सल पुणेरी लफडं राहिलंच. जेसॉनची टेस्ट मी बुधवारी घेतली आणि मेसेजपॅकची (आणखी एक बायनरी फॉरमॅट) गुरुवारी घरून, गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते हे विसरून. लॅपटॉप बॅटरीवर, सीपीयू मंदावलेला, मेसेजपॅक बिचारं बदनाम. आता सगळ्या लायब्ररी एकाच बैठकीत आलटूनपालटून चालवतो, आणि चार्जरचा दिवा आधी बघतो.