पोटखराबात काय असतं?

नगररचना शिकत असताना मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते इंदापूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावाचं. शंभरेक वर्षांत तिथली जमीन कशी वापरली गेली, ते कागदांवरून काढायचं होतं. मी ऑनलाइन सातबारे उतरवले, गटवार तक्ता केला, नकाशात रंग भरले. जिरायत पिवळं, बागायत हिरवं आणि पोटखराब राखाडी. खराब म्हणजे पडीक, असा साधा हिशोब. मार्गदर्शकांनी नकाशा पाहिला आणि एवढंच विचारलं, "यात खळी कुठं आहेत?"

खळी राखाडीत होती. पोटखराब म्हणजे ज्यावर शेतसारा बसत नाही ती जमीन. वर्ग 'अ' मध्ये खडकाळ तुकडा, शेतातलं घर, खळं. वर्ग 'ब' मध्ये रस्ता, पायवाट, पाणवठा, मसणवटा असं सार्वजनिक वापरातलं. म्हणजे गाव जिथं मळणी करायचं, जिथून चालायचं आणि जिथं माणसं पुरायचं, ते सगळं मी निरुपयोगी म्हणून रंगवलं होतं. या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यांनी हे आधी डोक्यात पक्कं करावं: आपण वाचतो ते मुळात साऱ्याचं दप्तर आहे. जिथं आकार, म्हणजे बसवलेला सारा, शून्य, तिथं दुप्पट वेळ थांबा.

हे दप्तर असं का झालं, त्याचं उत्तर याच तालुक्यात आहे. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची आकारणी इथे फसली, रयत गाव सोडून जायला लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं मोजणी केली आणि 1836 मध्ये इंदापुरात तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. मातीची खोली आणि रंग बघून प्रत, म्हणजे दर्जा, लावायची, तीही आण्यांत: उत्तम जमीन सोळा आणे, मग उतरत उतरत खाली. ओढ्याला, पाणंदीला, बोरीबाभळीच्या बनाला प्रत नाही, कारण त्यातून रुपया निघत नाही. (1867 ला मुदत संपली आणि सारा चढला. आठ वर्षांनी, दख्खनच्या दंग्यांत, शेजारच्या सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. त्यात या वाढीचा वाटा किती, यावर अजून वाद चालतात. तो विषय वेगळा.)

वाचायचा क्रम मी उलटा धरला होता. सातबारा शेवटी वाचायचा. तो आजचा निकाल आहे, खटला फेरफारात, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीत, असतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात नंबर असतो, तो फेरफाराचा. तो धरून मागे जायचं. वारस, वाटणी, खरेदी, गहाण, कुळ कायद्यानं मिळालेली मालकी, सगळं तिथं ओळीनं लागतं. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला कुळ कायद्यानं कुळांना मालक मानलं, त्याच्या आसपास मालक कसे बदलले, ते एका गावाचे फेरफार सलग वाचल्याशिवाय कळत नाही. दोन खुणा लगेच शिकून घ्या. नाव कंसात असेल तर ते कमी झालेलं आहे. आणि नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर ते एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं नाव, मागे किती भावंडं आहेत ते दिसत नाही. मी अशी नावं एकेक मालक म्हणून मोजून 'मोठ्या जमीनदारांचा' एक सुंदर आलेख काढला होता. तो कुठेही छापला गेला नाही, हे नशीब.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांत बहुतेकांचे दोन महिने जातात. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि गावोगाव नंबर बदलले. भूमी अभिलेख कार्यालयातून त्या योजनेचे 'नऊ-तीन, नऊ-चार'चे उतारे मागा, जुन्यानव्याचा मेळ त्यात लागतो. तिथंच टिपणाची नक्कलही मागा. टिपण म्हणजे एका सर्व्हे नंबरचं हातानं काढलेलं मोजमाप. 33 फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब-रुंद म्हणजे एक गुंठा. मधोमध एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना बांधाच्या कोपऱ्यांपर्यंतची अंतरं. मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा घडीवर कागद फाटला होता आणि नेमका तिथलाच आकडा गेला होता. उरलेल्या आकड्यांवरून तो काढता आला. पुण्यात कॉम्प्युटरवर बसून शिकलेली कुठलीही गोष्ट मला इतकी आवडली नव्हती.

तुमचं गाव जुन्या कोणत्या राज्यात होतं, तेही आधी पाहा. मराठवाड्यात 1954 चं खासरा पत्रक महत्त्वाचं, त्याआधीचं दप्तर उर्दूत आणि वर्षं फसली सनातली. ढोबळमानानं 590 मिळवले की इसवी सन येतो. विदर्भात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. तिथं चराईचे, सरपणाचे, तलावाच्या पाण्याचे हक्क चक्क लिहिलेले असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्यांना हेवा वाटावा असा ऐवज.

मोडी शिकाच. पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेतं. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, त्यामुळे पहिले पंधरा दिवस वैताग येतो. मग एके दिवशी 'बिन' (अमक्याचा मुलगा) आणि 'मौजे' (गाव) आपोआप दिसायला लागतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला होता.

अभिलेख कक्षात गेलात की पहिला प्रश्न येतो, "वाटपाचा दावा आहे का?" अभ्यासासाठी हवंय हे उत्तर कुणालाच पटत नाही. नक्कल अर्जात नमुन्याचं नाव, वर्ष, जुना-नवा नंबर नेमका लिहा. 'सगळे जुने कागद' असं मागितलं की अर्ज तळाशी जातो. माझा एकदा दीड महिना गेला. गावात याच्या उलट अडचण. नकाशाची गुंडाळी दिसली की लोकांना वाटतं, रस्त्यात नाहीतर धरणात जमीन चालली. पहिल्या दोन खेपांना नकाशा पिशवीतच ठेवा.

आमच्या गावाला ती भीती खरी होती. उजनीच्या पाण्यात जुनं गावठाण आणि नदीकाठचं काळं रान गेलं. वैशाखात धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तसे आमच्याकडेही चौथरे दिसायला लागतात. अशाच एका मेमध्ये ऐंशीच्या पुढच्या एका आबांना घेऊन मी तिथं गेले. गाळ भेगाळला होता. ओळखीचं म्हणावं असं एक विहिरीचं तोंड तेवढं. आबा तिथून पावलं टाकत निघाले, पुटपुटत मोजत, मध्येच उजवीकडे वळले आणि काठी रोवली. "हे खळं आमचं."

मी पिशवीतून टिपण बाहेर काढलं. पोटखराब तीन गुंठे. जागा पंधरा-वीस फुटांच्या फरकानं जुळत होती.

"नाव कुणाचं हाय कागदावर?"

"तुमच्या थोरल्या चुलत्यांचं. ए.कु.मॅ."

"हां, ते मॅनेजर." ते हसले. "सारवायची आमची आय. दर साली. तिचं हाय का?"

मी फेरफाराची नक्कल उलगडली. वारसांच्या यादीत शेवटची ओळ होती. नाव होतं, कंसात.